प्रॉडक्शन लॉग कसा वाचावा : पाइपात दिसणारे पाणी आणि विहिरीतून येणारे पाणी

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात असलेल्या मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला, १९७६ मध्ये तेथून तेल येऊ लागले आणि थरांतील दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून त्यांत पाणी सोडले जाऊ लागले. तेथील मुख्य साठा चुनखडीच्या एकावर एक असलेल्या थरांमध्ये आहे. अशा कोणत्याही जुन्या क्षेत्रात एकच विहीर अनेक थरांना छेदून जाते आणि कालांतराने तेलाबरोबर पाणीही वर येऊ लागते. फलाटावरचा टेस्ट सेपरेटर, म्हणजे विहिरीतून आलेले मिश्रण वेगळे करून मोजणारी टाकी, दिवसाला तेल किती, पाणी किती आणि वायू किती हे सांगतो. पण त्यातले पाणी कोणत्या थरातून येते हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी वाहत्या विहिरीत केबलवरून उपकरणांची मालिका सोडून वेग, घनता, दाब आणि तापमान यांची खोलीनुसार नोंद घेतली जाते. हाच प्रॉडक्शन लॉग होय. तो कसा वाचावा, याचा एक साधा क्रम येथे दिला आहे. बहुतेक भर तेल व पाणी अशा दोन प्रवाहांवर आणि उभ्या विहिरीवर आहे, कारण तेथे हिशोब हाताने करता येतो आणि जी गफलत सर्वाधिक महाग पडते ती तेथेच स्पष्ट दिसते.

ती गफलत आधीच सांगून ठेवतो. खंडाळ्याच्या घाटात चढणीच्या रस्त्याचे वरून एक छायाचित्र घेतले, तर त्यात ओझ्याचे ट्रकच ट्रक दिसतील आणि मोटारी तुरळक दिसतील. टोलनाक्यावर तासाभराची मोजणी केली, तर मोटारींची संख्या कदाचित ट्रकांहून अधिक भरेल. ट्रक सावकाश चढतात म्हणून रस्त्यावर त्यांची दाटी होते, एवढेच. विहिरीत पाणी हे ट्रकासारखे असते. तेल हलके असल्यामुळे ते पाण्यातून वर निसटते आणि पाणी मागे रेंगाळते. पाइपाच्या एखाद्या छेदात त्या क्षणी पाण्याने व्यापलेला भाग म्हणजे पाण्याचा होल्डअप, आणि त्या छेदातून वाहून जाणाऱ्या एकूण द्रवातला पाण्याचा वाटा म्हणजे वॉटर कट. उपकरणे छायाचित्र घेतात. आपल्याला मोजणी हवी असते.

नोंदी विश्वासार्ह आहेत का, हे आधी पाहावे

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी विहीर लॉगिंगच्या वेळी स्थिर होती का, हे तपासावे. उपकरणाच्या वर-खाली झालेल्या सर्व फेऱ्यांमधील दाबाचे आणि तापमानाचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले की ते लगेच कळते. एकाच खोलीवरचा दाब पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सरकत गेला असेल, तर प्रत्येक फेरीने वेगळीच विहीर मोजली असे समजावे. गॅस लिफ्टवरच्या, म्हणजे वायू सोडून द्रव वर उचलल्या जाणाऱ्या, विहिरींमध्ये प्रवाह लाटांनी येण्याची शक्यता असल्याने हा तपास तेथे अधिक कसोशीने करावा लागतो. त्यानंतर केसिंगचे, म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणाऱ्या पोलादी पाइपाचे, जोड दाखवणारा लॉग आणि खडकांतून निघणाऱ्या गॅमा किरणांचा लॉग यांच्या आधारे सर्व फेऱ्यांची खोली जुळवून घ्यावी. परफोरेशनच्या, म्हणजे थरातला द्रव आत यावा म्हणून केसिंगला पाडलेल्या छिद्रांच्या, खोलीत दोन मीटरची चूक राहिली, तर प्रवाह भलत्याच थराच्या नावावर जमा होतो.

विहीर बंद ठेवून घेतलेली फेरी अनेकदा वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि माझ्या मते ही खोटी काटकसर आहे. बंद विहिरीत पाणी खाली आणि तेल वर असे वेगळे होते, त्यामुळे तळच्या तापमानाला आणि दाबाला दोन्हींची खरी घनता त्याच उपकरणाने वाचता येते. शिवाय एका थरातून निघून दुसऱ्या थरात शिरणारा आडप्रवाह असेल, तर तो याच फेरीत वेग मोजणाऱ्या स्पिनरवर आणि तापमानाच्या आलेखावर दिसतो.

स्पिनरपासून वेगापर्यंत

स्पिनर हे पाइपात फिरणारे लहानसे पाते. ते द्रवाच्या आणि उपकरणाच्या सापेक्ष वेगाने फिरते, म्हणून एकाच फेरीवरून द्रवाचा वेग काढता येत नाही. उपकरण खाली नेताना आणि वर आणताना निरनिराळ्या वेगांनी, सामान्यतः १०, २० आणि ३० मीटर प्रति मिनिट अशा, फेऱ्या घेतल्या जातात. मग दोन परफोरेशनच्या मधला, प्रवाह स्थिर असलेला एकेक टप्पा निवडून, आडव्या अक्षावर केबलचा वेग (खाली जाताना अधिक, वर येताना उणे) आणि उभ्या अक्षावर पात्याचे दर सेकंदाचे फेरे मांडायचे. ठिपके एका सरळ रेषेत यायला हवेत. ते विखुरले असतील तर पाते कचऱ्याने अडले होते, प्रवाह अस्थिर होता किंवा निवडलेल्या टप्प्यातच कुठून तरी द्रव शिरत आहे. या तिन्हींपैकी कारण कोणते, हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

पुढील हिशोबासाठी एक उभी विहीर घेऊ. केसिंग ७ इंची, आतला व्यास १५७ मिलिमीटर. या केसिंगमध्ये सरासरी वेग १ मीटर प्रति मिनिट असेल, तर दिवसाला सुमारे २८ घनमीटर द्रव वाहतो. विहिरीत दोन थर उघडलेले आहेत. सर्वांत खाली, खालच्या थराच्याही तळाशी असलेल्या साचलेल्या पाण्यात, जेथे काहीच वाहत नाही, तेथे उपकरण खाली नेतानाच्या ठिपक्यांची रेषा केबलचा वेग अधिक २ मीटर प्रति मिनिट असताना पात्याच्या शून्य फेऱ्यांना मिळते. घर्षणावर मात करून पाते फिरू लागण्यासाठी लागणारा हा किमान वेग, त्याला उंबरठा म्हणू. दोन थरांच्या मध्ये तीच रेषा उणे १.६ वर आणि दोन्ही थरांच्या वर ती उणे ३० वर शून्याला मिळते. उंबरठ्यापासूनचे अंतर हा भासमान वेग होय: मधल्या ठिकाणी ३.६ आणि वरच्या ठिकाणी ३२ मीटर प्रति मिनिट.

पाते पाइपाच्या मध्यभागी असते आणि तेथे वेग सर्वाधिक असतो. म्हणून सरासरी वेगासाठी भासमान वेगाला एका गुणकाने गुणावे लागते. खळाळत्या प्रवाहात तो सुमारे ०.८३ धरण्याची रीत आहे. संथ, थरांनी वाहणाऱ्या प्रवाहात तो बराच कमी होतो. आपल्या विहिरीत दोन्ही ठिकाणी ०.८३ चालेल. मग सरासरी वेग वर २६.६ आणि मध्ये ३ मीटर प्रति मिनिट येतो, तर एकूण प्रवाह वर सुमारे ७४१ आणि मध्ये सुमारे ८४ घनमीटर प्रतिदिन. वजाबाकीने वरचा थर ६५७ घनमीटर देतो.

येथे केसिंगचा आतला व्यास कागदावरून न घेता शक्य असल्यास कॅलिपरच्या, म्हणजे आतला व्यास मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीवरून घ्यावा. भिंतीवर ५ मिलिमीटर जाडीचा क्षार बसला, तर व्यास १५७ वरून १४७ वर येतो आणि त्याच प्रवाहाला वेग सुमारे १४ टक्के वाढून दिसतो. उघड्या, केसिंग नसलेल्या भागात तर कॅलिपरशिवाय स्पिनर वाचण्यात अर्थच नाही.

घनतेपासून होल्डअपपर्यंत

ठराविक उभ्या अंतरावरच्या दोन बिंदूंमधला दाबाचा फरक मोजून मिश्रणाची घनता काढली जाते. विहीर तिरपी असेल तर उपकरणाच्या दोन बिंदूंमधले उभे अंतर कमी होते, त्यामुळे वाचलेल्या घनतेला कलाच्या कोज्येने भागावे लागते. हे विसरणे अगदी सोपे आहे. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेल्या विहिरीत ०.९० घनतेचे मिश्रण उपकरणाला ०.७८ दिसते, वाचणारा ते जवळजवळ शुद्ध तेल समजतो आणि निम्म्याहून अधिक पाइप पाण्याने भरलेला असतो. वेग जास्त असेल तर घर्षणामुळे दाबाचा फरक वाढतो आणि घनता खोटीच जड दिसते. ती दुरुस्तीही करावी.

आपल्या विहिरीत बंद फेरीवरून तळच्या पाण्याची घनता १.०१ आणि तेलाची ०.७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर मिळाली, असे धरू. पाण्याचा होल्डअप काढण्यासाठी मिश्रणाच्या घनतेतून तेलाची घनता वजा करायची आणि उरलेल्याला पाणी व तेल यांच्या घनतेतील फरकाने भागायचे. वरच्या ठिकाणी घनता ०.९० आहे, म्हणून ०.१६ भागिले ०.२७, होल्डअप सुमारे ५९ टक्के. मधल्या ठिकाणी घनता ०.९७ आहे, म्हणून होल्डअप ८५ टक्के. भाजक किती लहान आहे याकडे लक्ष द्यावे. घनतेतली ०.०१ ची चूक होल्डअपमध्ये जवळजवळ चार टक्क्यांची होते, आणि तेल जितके जड तितकी ही चूक वाढत जाते. अशा वेळी विद्युतधारकता मोजणाऱ्या उपकरणाचा आधार घ्यावा. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या आसपास आणि तेलाचा केवळ दोन ते तीन असल्याने ते दोघांत सहज फरक करते. मात्र पाणी हेच अखंड माध्यम बनले आणि तेल त्यात थेंबांनी तरंगू लागले, की या उपकरणाची संवेदनशीलता ढासळते. तेथे एकेक थेंब मोजणारे सूक्ष्म विद्युत शोधक अधिक उपयोगी ठरतात.

येथे थांबलेला माणूस काय निष्कर्ष काढील? खालच्या थराच्या वर ८५ टक्के पाणी, दोन्ही थरांच्या वर ५९ टक्के. तो ८४ घनमीटरचे ८५ टक्के, म्हणजे ७१ घनमीटर पाणी खालच्या थराच्या माथी मारील, त्याच्या वाट्याला फक्त १३ घनमीटर तेल ठेवील, वरच्या थराचा वॉटर कट ५६ टक्के आहे असे सांगील आणि खालचा थर सिमेंटने बुजवण्याची शिफारस करील. आलेखावर ते अगदी पटण्यासारखेही दिसेल.

स्लिपचा हिशोब

आता तेल पाण्यापेक्षा किती वेगाने पुढे जाते ते हिशोबात घेऊ. या वेगांतील फरकाला स्लिप वेग म्हणतात. तो लॉगवर कोठेही छापलेला नसतो. प्रयोगशाळेतील मोजमापांवर आधारलेल्या आलेखांवरून किंवा सूत्रांवरून घनतेतील फरक आणि होल्डअप यांच्या आधारे तो ठरवावा लागतो. पाइपात थेंब कमी असतील तर ते मोकळेपणाने वर धावतात, दाटी झाली की एकमेकांना अडवतात. म्हणून पाण्याचा होल्डअप जास्त असताना स्लिप वेग जास्त असतो. उभ्या पाइपासाठी प्रचलित असलेल्या सूत्राने आपल्या विहिरीत तो वरच्या ठिकाणी सुमारे ४.७ आणि मधल्या ठिकाणी सुमारे ६.९ मीटर प्रति मिनिट येतो.

पाण्याचा वेग म्हणजे सरासरी वेगातून, तेलाचा होल्डअप गुणिले स्लिप वेग, एवढे वजा केलेले. तेलाचा वेग त्याहून स्लिप वेगाइतका अधिक. प्रत्येकाच्या वेगाला त्याच्या होल्डअपने आणि आपल्या २८ च्या अंकाने गुणले की प्रवाह मिळतो. वरच्या ठिकाणी पाणी ४०८ आणि तेल ३३३ घनमीटर येते. होल्डअपच्या सरळ गुणाकाराने तेथे ४३९ आणि ३०२ आले असते. फरक आहे, पण फार मोठा नाही, कारण सरासरी वेगाच्या मानाने स्लिप लहान आहे. मधल्या ठिकाणी मात्र चित्र पालटते. तेथे सरासरी वेग अवघा ३ आणि स्लिप ६.९ आहे. पाण्याचा वेग जेमतेम २ आणि तेलाचा जवळजवळ ९ मीटर प्रति मिनिट निघतो. पाणी ४७ आणि तेल ३७ घनमीटर. खालच्या थराचा वॉटर कट ५६ टक्के. वजाबाकीने वरच्या थराला ३६१ घनमीटर पाणी आणि २९६ घनमीटर तेल मिळते. त्याचा वॉटर कट ५५ टक्के.

दोन्ही थर सारखेच पाणी देत आहेत. ८५ आणि ५९ हा सगळा फरक वेगाने निर्माण केलेला होता.

हाच हिशोब मधल्या ठिकाणी सरासरी वेग ३ ऐवजी १ धरून करून पाहावा. पाण्याचा वेग जवळपास शून्य येतो. पाइपात ८५ टक्के पाणी उभे आहे आणि त्यातून केवळ तेलाचे थेंब वर जात आहेत. थर पाण्याचा एक थेंबही देत नाही. कमी उत्पादनाच्या विहिरींत हे सर्रास घडते, आणि पाण्याच्या उभ्या स्तंभालाच पाण्याचे उत्पादन समजून चांगला थर बुजवला जाण्याचा धोका असतो.

उत्तर मिळाले म्हणून त्यावर लगेच विसंबून चालणार नाही. मधल्या ठिकाणी उंबरठ्यात १ मीटर प्रति मिनिटाची अनिश्चितता धरली, तर एकूण प्रवाह ८४ ऐवजी ६१ ते १०७ घनमीटरांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. पाणी २७ ते ६६ च्या दरम्यान हेलकावते, पण तेल ३४ ते ४१ च्या आतच राहते, कारण एवढ्या मंद प्रवाहात तेलाचा वेग मुख्यत्वे स्लिपवरून ठरतो. घनतेतील ०.०१ ची चूक मात्र या तेलात सुमारे ७ घनमीटर इकडेतिकडे करते. अहवालात एकच आकडा न देता हे पल्ले लिहावेत. खालच्या थराचा वॉटर कट ४५ ते ६२ टक्के, असे लिहिणे अनेकांना कमीपणाचे वाटते. पण खर्चाचा निर्णय घेणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

पडताळा

तळचे आकडे पृष्ठभागाच्या परिस्थितीत आणल्याशिवाय सेपरेटरशी जुळवता येत नाहीत. वर येताना तेलातला विरघळलेला वायू सुटतो आणि तेल आकसते. तेलाचा आकारमान गुणक (तळचे आकारमान भागिले पृष्ठभागावरचे) १.३५ आणि पाण्याचा १.०२ धरला, तर ३३३ घनमीटर तेलाचे २४७ आणि ४०८ घनमीटर पाण्याचे ४०० घनमीटर होतात. त्यामुळे तळाशी ५५ असलेला वॉटर कट पृष्ठभागावर ६२ टक्के होतो; ही तफावत पाहून गोंधळून जाऊ नये. सेपरेटरचे आकडे यापासून पाच टक्क्यांच्या आत असतील तर हिशोब जमला असे म्हणता येते. नसतील, तर गुणक ओढूनताणून जुळवून घेण्याचा मोह टाळून आधी सेपरेटरची चाचणी लॉगिंगच्याच वेळची आहे का आणि प्रवाह नियंत्रित करणारा चोक तोच होता का, हे विचारावे.

दुसरा पडताळा तापमानाचा. सर्वांत खालच्या वाहत्या थराखाली तापमान भूगर्भाच्या नैसर्गिक रेषेवर असते आणि त्या थरापासून वर ते रेषेपेक्षा उबदार होत जाते. थरातून पाइपात शिरताना दाब घटतो तेव्हा द्रव किंचित तापतो आणि वायू थंड होतो, अर्थात फार उच्च दाबांना वायूही तापू शकतो. म्हणून परफोरेशनपाशी तापमान एकदम खाली घसरले, तर तेथे वायू शिरतो आहे असा पहिला संशय घ्यावा. आणि तापमान जर सर्वांत खालच्या परफोरेशनच्याही खाली नैसर्गिक रेषा सोडू लागले, तर द्रव केसिंगच्या मागून, सिमेंटमधील फटीतून वर येत आहे. हे स्पिनरला कधीच दिसणार नाही, कारण त्या ठिकाणी पाइपात काहीच वाहत नसते.

तीन प्रवाह आणि आडव्या विहिरी

तळचा दाब बुडबुडा दाबाच्या, म्हणजे ज्याखाली तेलातला वायू सुटू लागतो त्या दाबाच्या, खाली गेला की मुक्त वायूही हिशोबात येतो. अज्ञात राशी तीन झाल्यामुळे एकटी घनता पुरत नाही. पाण्यासाठी विद्युत आणि वायूसाठी प्रकाशीय शोधक अशी दोन स्वतंत्र मोजमापे लागतात. वायू, पाणी आणि तेल यांचा अपवर्तनांक वेगवेगळा असतो आणि वायूचा तर बराच कमी असतो, त्यावर प्रकाशीय शोधक चालतो. प्रवाह गोळ्यागोळ्यांनी येत असेल तर स्पिनर दर काही सेकंदांनी उसळतो. अशा ठिकाणी उपकरण एका जागी थांबवून काही मिनिटांची सरासरी घ्यावी.

तिरप्या विहिरीत वर दिलेला उभ्या पाइपाचा स्लिप वेग वापरू नये. तेल वरच्या बाजूने धावते आणि पाणी खालच्या बाजूने उलट घसरते, त्यामुळे मधोमध असलेले पाते कधीकधी उलटेही फिरते. त्या उलट्या फिरण्यावरून कोणी आडप्रवाह आहे असे लिहू नये. आडव्या विहिरीत तर ८९ आणि ९१ अंशांच्या कलातही फरक पडतो: चढणीवर पाणी साचते आणि होल्डअप फुगतो, उतरणीवर ते वेगाने पुढे निघून जाते आणि होल्डअप घटतो, वॉटर कट मात्र तोच राहतो. तेथे छेदाच्या वरपासून खालपर्यंत अनेक लहान स्पिनर आणि शोधक बसवलेली उपकरणेच वापरावीत, आणि लॉगशेजारी विहिरीच्या मार्गाचा आलेख ठेवल्याशिवाय होल्डअपच्या एकाही चढउताराचा अर्थ लावू नये.